कापलेले पैसे कुठे जातात, हे कामगाराला दाखवायचे कसे?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी लेखा विभागात काम करते. पगाराचे काम पाहणारे आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्यापासून सर्व कामगारांचा पगार मीच काढते. पगार खात्यावर जमा झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. "अठरा हजार ठरले होते, मग पंधरा कसे आले?", "माझा पीएफ कापू नका, मला रोख द्या", "माझे दोन दिवस कुठे गेले?" हेच प्रश्न दर महिन्याला येतात. मागच्या महिन्यात मोल्डिंगमधील एका जुन्या कामगाराने सर्वांसमोर "तुम्ही मालकाचीच माणसं" असे मला सुनावले. मी प्रत्येकाला तोंडी समजावते, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मालक म्हणतात, "एक नोटीस लावून टाका." नोटीस लावून हा प्रश्न सुटेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नोटीस लावून हा प्रश्न सुटणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. नोटीस सर्वांसाठी असते आणि कामगाराची शंका मात्र स्वतःच्या पैशांबद्दल असते. नोकरीवर घेताना त्याला एक आकडा सांगितला जातो, महिनाअखेरीनंतर मोबाइलवर बँकेचा दुसराच आकडा येतो आणि या दोन आकड्यांच्या मध्ये काय घडले, हे सांगणारा कागद एक तर त्याच्या हातात नसतो किंवा असलाच तर इंग्रजी अक्षरांच्या संक्षेपांनी भरलेला असतो. अशा वेळी "कंपनी पैसे खाते" असे त्याला वाटले, तर त्यात त्याचा दोष मानू नये. आपण तोंडी समजावता ते योग्यच आहे. परंतु ऐकलेल्या गोष्टीवर माणूस एक महिना विश्वास ठेवतो, आणि स्वतः पडताळून पाहिलेल्या गोष्टीवर कायम. म्हणून आपला सगळा प्रयत्न, कामगाराला आपले आकडे स्वतः तपासता यावेत, या दिशेने असला पाहिजे.

सुरुवात पीएफपासून करू नका, हजेरीपासून करा. प्रश्न "पीएफ किती कापला?" अशा शब्दांत विचारला जातो, पण कारखान्यांतील पगारांचे बहुतेक वाद मुळात दिवसांचे असतात, हे या कामात वावरणाऱ्या कोणालाही मान्य होईल. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या खात्यात, ग्राइंडर धरणाऱ्या किंवा वाळूत काम करणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजतात, हजेरीचे यंत्र अंगठा घेत नाही, तो तसाच कामाला लागतो आणि महिनाअखेरीस त्या दिवशी खाडा दिसतो. रात्रपाळीत आत येण्याची नोंद एका तारखेला आणि बाहेर पडण्याची दुसऱ्या तारखेला होते व संगणक दोन अर्धवट दिवस मोजतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला भातलावणीसाठी किती जण गैरहजर राहतात, हे कोल्हापुरात वेगळे सांगायला नको. त्या रजा कोणाच्या पगारी धरल्या आणि कोणाच्या बिनपगारी, याची नोंद फोरमनच्या वहीत एक आणि आपल्या संगणकात दुसरी असण्याची शक्यता त्या महिन्यांत सर्वाधिक असते. यावर उपाय साधा आहे. पगार काढण्याच्या आधी, महिना संपताच, प्रत्येक खात्याची हजेरी यादी त्या खात्याच्या फलकावर लावा आणि दुरुस्ती सांगण्यासाठी दोन दिवस द्या. पगार जमा झाल्यानंतरचा वाद हा पैशांचा वाद होतो. आधीचा वाद केवळ नोंदीचा असतो आणि तो फोरमनच्या एका सहीने मिटतो.

याच ठिकाणी भागाकाराचा मुद्दाही उघडपणे सांगावा लागतो. एखाद्याचा एकूण पगार १८,००० रुपये असेल, तर तो मनात तीसने भागतो आणि आपला एक दिवस ६०० रुपयांचा मानतो. आपण बहुधा साप्ताहिक सुट्ट्या वगळून २६ दिवस धरत असाल, म्हणजे आपल्या हिशोबाने एक दिवस ६९२ रुपये ३१ पैशांचा होतो. दोन खाड्यांचे त्याच्या मते १,२०० रुपये जायला हवेत आणि प्रत्यक्षात जातात १,३८५. हे १८५ रुपये त्याला खटकतात, आणि कोणी खुलासा केला नाही तर ते कोणीतरी खाल्ले असेच तो समजतो. पण त्याच हिशोबाची दुसरी बाजूही त्याला दाखवा. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट असतो; २६ दिवस आणि आठ तास धरले तर त्याचा तासाचा दर सुमारे ८६ रुपये ५० पैसे आणि ओव्हरटाइमचा १७३ रुपये येतो, तोच तीसने भागल्यास केवळ १५० रुपये आला असता. मात्र आपल्या कारखान्यात खाडा कापताना २६ आणि ओव्हरटाइम देताना ३० असा दुहेरी भागाकार होत असेल, तर कामगारांची तक्रार खरी आहे आणि ती समजावून मिटवायची नसून हिशोब सुधारून मिटवायची आहे. मालकांशी बोलण्याआधी हे एकदा स्वतः तपासून घ्या.

आता कपातीकडे वळू. एका कामगाराचे खरे आकडे घेऊन बोलल्याशिवाय हा विषय कोणाच्याही डोक्यात शिरत नाही, म्हणून मीही तसेच करतो. समजा मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १५,००० रुपये आणि इतर भत्ता ३,००० रुपये, असा एकूण पगार १८,००० आहे आणि महिना पूर्ण भरला आहे. पीएफचे १५,००० वर १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) पूर्ण १८,००० वर पाऊण टक्क्याप्रमाणे १३५ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की हातात १५,८६५ रुपये येतात. "अठराचे पंधरा" झाले ते असे. एवढे सांगून आपण थांबत असाल, तर आपण गोष्टीचा अर्धाच भाग सांगत आहात, आणि तोही कामगाराला न आवडणारा अर्धा भाग.

दुसरा अर्धा भाग कंपनीच्या हिश्श्याचा आहे. त्याच्या १,८०० रुपयांबरोबर कंपनीलाही तेवढेच १,८०० रुपये भरावे लागतात. त्यांतील १,२५० रुपये १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले ५५० त्याच्या पीएफ खात्यात जमा होतात. म्हणजे त्याच्या हातातून गेले १,८०० आणि त्याच्या नावे जमा झाले ३,६००. शिवाय ठेव संलग्न विमा योजनेसाठी अर्धा टक्का, म्हणजे ७५ रुपये, कंपनी वेगळे भरते. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर या योजनेतून वारसांना कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि त्यासाठी कामगाराला एक पैसाही द्यावा लागत नाही. पीएफच्या प्रशासकीय खर्चाचे ७५ आणि ईएसआयच्या सव्वातीन टक्क्यांचे ५८५ रुपये मिळवले, तर १८,००० रुपये पगाराच्या माणसावर कंपनीचा खर्च २०,५३५ रुपये होतो. हे सर्व पगारपत्रकाच्या उजव्या बाजूला, "कंपनीने आपल्यासाठी भरलेली रक्कम" अशा मथळ्याखाली छापा. बहुतेक पगारपत्रकांत ही बाजू नसतेच.

पासबुकबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. पीएफचे पासबुक ज्याचे त्याला स्वतःच्या मोबाइलवर उमंग ॲपमधून पाहता येते. त्यासाठी त्याचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा बारा आकडी क्रमांक, सुरू असला पाहिजे आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू असला पाहिजे. इथेच गाडे अडते. नंबर बदललेला असतो, आधारवर नाव एका पद्धतीने आणि पीएफच्या नोंदीत दुसऱ्या पद्धतीने असते, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक आणि आधारप्रमाणे दुसरी असते. अशा कामगाराला पासबुक दिसत नाही, वारसाचे नाव ऑनलाइन नोंदवता येत नाही आणि नोकरी सोडल्यावर पैसे काढतानाही अर्ज परत येतो. मग "पीएफचे पैसे मिळतच नाहीत" ही समजूत संपूर्ण पाळीत पसरते. आपण रोज जेवणाच्या सुट्टीनंतर चार-पाच जणांना बोलवा, त्यांच्याच मोबाइलवर त्यांचे पासबुक उघडून द्या आणि मागील महिन्याच्या पगारपत्रकाशेजारी ठेवून आकडे त्यांनाच जुळवू द्या. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, त्यामुळे "कंपनीचे ५५० च दिसतात, बाकीचे खाल्ले" असा नवा गैरसमज होण्याचा संभव असतो. म्हणून १,२५० चा रकाना बोट ठेवून दाखवा. ज्यांच्या नोंदीत चूक आहे त्यांची यादी तिथेच करा आणि दुरुस्तीचे अर्ज कारखान्यामार्फत पाठवा. हे काम किचकट आहे आणि त्याला वेळ लागेल, पण आपल्या हातून कामगारांच्या घरावर याहून मोठे उपकार होणे कठीण आहे.

"पीएफ कापू नका" म्हणणाऱ्यांना काय सांगावे? पहिली गोष्ट, ज्यांचा पीएफसाठीचा पगार १५,००० रुपयांपर्यंत आहे, किंवा जे आधीच पीएफचे सभासद आहेत, त्यांना यातून बाहेर राहण्याची मुभा नाही. त्यामुळे आपण किंवा मालक ते करूच शकत नाही, हे नम्रपणे पण ठाम सांगावे. दुसरी गोष्ट मात्र कायद्यापेक्षा महत्त्वाची आहे. जो माणूस रोख मागतो आहे, त्याला बहुधा त्या वेळी खरीच गरज असते. त्याला उपदेश करू नका. पीएफमधून आजारपण, घर, मुलांचे शिक्षण, लग्न अशा कारणांसाठी काही रक्कम काढता येते, हे त्याला सांगा आणि अर्ज भरायला मदत करा. त्याच वेळी एका गोष्टीची सावधगिरीही द्या. शिरोलीतून गोकुळ शिरगावला, तिथून कागलला, असे हजार-दोन हजारांच्या वाढीसाठी कारखाने बदलणारे तरुण प्रत्येक वेळी जुना पीएफ पूर्ण काढून घेतात आणि नव्या ठिकाणी नवा यूएएन काढतात. निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवा माणूस रुजू होताना जुना यूएएन विचारून तोच पुढे चालवणे, हे आपल्या टेबलावरचे काम आहे.

ईएसआयचे १३५ रुपये किरकोळ वाटतात म्हणून त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण फौंड्रीत तर त्याबद्दल आधी बोलले पाहिजे. ओतकामात धातू उडून पाय भाजला आणि कामावर येणे बंद झाले, तर अशा कामावरच्या इजेत बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते. साध्या आजारपणात अटी पूर्ण असल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात, आणि उपचार कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही मिळतात. अनेकांच्या ईएसआय नोंदीत पत्नी-मुलांची नावेच नसतात आणि हे दवाखान्याच्या दारात कळते. पासबुक पाहायला बसवाल तेव्हा हीही नावे तपासा. पगारवाढीमुळे कोणी २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला, तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या चालू सहामाहीच्या अखेरपर्यंत त्याची कपात चालू राहते. वाढ मिळूनही ईएसआय का कापता, या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी यांत फारसे समजावण्यासारखे नाही. दरमहा १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषांना महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे २,५०० रुपये राज्य सरकारला द्यावे लागतात. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. कल्याण निधीचे २५ रुपये केवळ जून आणि डिसेंबरमध्ये कापले जातात. त्या दोन आणि फेब्रुवारीच्या पगारपत्रकावर एक ओळीचा खुलासा छापला, तर "या महिन्यात कमी कसे?" हा प्रश्न येणार नाही. आयकर आपल्या बहुसंख्य कामगारांना लागू होत नाही.

उचल मात्र या सर्वांपासून वेगळी दाखवा. दिवाळीला, जूनमध्ये शाळा सुरू होताना, घरातल्या लग्नाला कामगार उचल घेतो आणि तीन-चार महिन्यांनंतर किती फिटली, किती राहिली, हे त्याच्या लक्षात राहत नाही. उचलीचा हप्ता आणि पतसंस्थेचा हप्ता पीएफच्या रांगेत छापला गेला, की सगळीच कपात त्याला सरकारी किंवा कंपनीची वाटते. म्हणून सरकारी देणी एका गटात आणि त्याने स्वतः घेतलेली रक्कम दुसऱ्या गटात ठेवा, हप्त्यासमोर शिल्लक उचलही छापा. सर्व कपात मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, हे बंधन उचल मंजूर करतानाच लक्षात घ्यावे लागते.

अलीकडे आणखी एक प्रश्न आपल्याकडे येत असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्यावर "हातातला पगार कमी होणार" असे निरोप मोबाइलवर फिरले. त्याचा खरा अर्थ असा, की घरभाडे, प्रवास यांसारखे वेतनातून वगळता येणारे भत्ते आता एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतच वगळता येतात आणि त्यावरचा भाग वेतनात धरावा लागतो. आपल्या उदाहरणातील कामगाराचा पीएफ आधीच १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापला जातो, त्यामुळे त्याचे १,८०० बदलत नाहीत. ज्याचा मूळ पगार १८,००० पैकी केवळ ८,००० ठेवून बाकी असे भत्ते दाखवले होते, त्याचे वेतन मात्र ९,००० धरले जाईल आणि पीएफ ९६० ऐवजी १,०८० रुपये होईल. हातात १२० रुपये कमी, आणि कंपनीचेही १२० रुपये त्याच्या नावे जास्त, असे दोन्ही आकडे एकत्रच सांगा.

पगारपत्रक देणे कायद्याने बंधनकारक आहे. ते मराठीत, शक्य तर कागदावर, आणि पगार जमा होण्याच्या आदल्या दिवशी द्या. पगार सात तारखेच्या आत व्हायचा असल्याने हजेरी, दुरुस्ती आणि पत्रक या तिन्ही गोष्टींचे दिवस आधीच ठरवून ते दरमहा पाळावे लागतील. मालकांना नोटीस लावायचीच असेल, तर या तारखांची लावावी.

ज्या जुन्या कामगाराने आपल्याला सुनावले, त्यालाच पहिल्या दिवशी पासबुक पाहायला बोलवा. त्याचा शब्द मोल्डिंगमध्ये चालतो म्हणूनच तो सर्वांसमोर बोलला. त्याच्या हिशोबात आपली चूक निघाली, तर ती तिथेच मान्य करून फरक पुढच्या पगारात द्या. आकडे जुळले, तर बाकीच्यांना तो स्वतःच सांगेल, आणि त्याच्या सांगण्याला जे वजन आहे ते आपल्या किंवा माझ्या सांगण्याला नाही.

शेवटी एक गंभीर बाब. पीएफचे पैसे पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. नोंद पासबुकात दिसायला त्यानंतर काही दिवस लागू शकतात, पण पासबुके उघडल्यावर मागील अनेक महिन्यांचे भरणेच दिसले नाही, तर कामगारांची समजूत घालत बसू नका. ती कामगाराच्या वेतनातून घेतलेली रक्कम आहे आणि ती न भरणे हा गुन्हा आहे. हे मालकांच्या नजरेस लेखी आणून द्या आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवा. फेटलिंगसारखी कामे ठेकेदाराकडे असतील, तर त्याच्या माणसांची चलने आणि नावनिहाय यादी दरमहा मागून घ्या आणि ती हाती आल्यावरच त्याचे बिल पुढे पाठवा, कारण ठेकेदाराने भरणा चुकवला तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. कामगाराला स्वतः दाद मागायची असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर त्याला ऑनलाइन तक्रार करता येते आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात होणाऱ्या 'निधी आपके निकट' या शिबिरातही जाता येते. हा मार्ग आपल्या कामगारांना आपणच सांगावा, असे मला मनापासून वाटते.